‘किल बिल’ची उसनवारी

क्वेंटिन टॅरॅन्टिनोच्या ‘किल बिल’मध्ये (पहिला भाग २००३, दुसरा २००४) कोणत्या जुन्या चित्रपटातून काय आले याची यादी करणे हा रसिकांचा आवडता छंद असला, तरी त्या यादीतून उसनवारीची खरी रीत उलगडत नाही, कारण टॅरॅन्टिनोने कथानकांपेक्षाही अधिक घेतल्या त्या अल्प खर्चाच्या चित्रपटांनी शोधलेल्या युक्त्या.

हिंसा, कामुकता, सूड अशा खळबळजनक विषयांच्या बळावर थोड्या पैशांत काढलेल्या आणि झटपट गल्ला जमवणाऱ्या चित्रपटांना ‘एक्स्प्लॉयटेशन’ म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतील ‘ग्राइंडहाउस’ या स्वस्त चित्रपटगृहांत ते दाखवले जात, आणि पुढे ते कॅसेटींवर आले तेव्हा टॅरॅन्टिनो कॅलिफोर्नियातील ‘व्हिडिओ आर्काइव्ह्ज’ या दुकानात कामाला होता. पार्श्वभूमी एवढी पुरे.

या उसनवारीचा गाभा आहे तोशिया फुजिता यांचा जपानी चित्रपट ‘लेडी स्नोब्लड’ (१९७३). काझुओ कोइके यांनी लिहिलेल्या आणि काझुओ कामिमुरा यांनी रेखाटलेल्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, तो आधारलेला असून त्याची नायिका युकी हिचा जन्मच मुळी आईचा सूड उगवण्यासाठी तुरुंगात होतो. प्रकरणांत विभागलेली मागेपुढे जाणारी कथा, जमिनीवर पडलेल्या स्त्रीला दिसणारे, वरून रोखून पाहणारे मारेकऱ्यांचे चेहरे आणि पांढऱ्याशुभ्र वस्त्रांवर उडणारी लालभडक रक्ताची कारंजी हे सारे ‘किल बिल’मध्ये जसेच्या तसे सापडते. फुजिता कथेचा काही भाग मांगातील चित्रांवरूनच सांगतात. टॅरॅन्टिनोने ओ-रेन इशी हिचे बालपण सांगताना त्याच धर्तीवर सबंध ॲनिमेशनपट योजला. मात्र त्याची खरी करामत याहून सूक्ष्म आहे. युकीचा किमोनो आणि बालपणीचा सूड त्याने खलनायिका ओ-रेनला दिला, तर यादी करून एकेकाला संपवण्याचे युकीचे व्रत ‘किल बिल’च्या नायिकेला. त्यामुळे पहिल्या भागाच्या अखेरीस बर्फाच्छादित बागेत होणाऱ्या द्वंद्वात एकाच युकीचे दोन अंश परस्परांवर तलवार उगारतात. ओ-रेन कोसळते तेव्हा वाजणारे गीतही युकी साकारणाऱ्या मेइको काजी यांच्याच आवाजातील आहे. या तोडीची उसनवारी टॅरॅन्टिनोला पुन्हा क्वचितच साधली असेल.

ही अदलाबदल त्याच्या अंगवळणी पडलेली दिसते. ‘थ्रिलर: अ क्रूएल पिक्चर’ (१९७३) या स्वीडिश चित्रपटातील पीडित नायिकेची डोळ्यावरची पट्टी येथे दुसऱ्या एका खलनायिकेला मिळाली, आणि ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’चे (१९७८) नायक गॉर्डन लिऊ दुसऱ्या भागात पाय मेई हा पांढऱ्या भुवयांचा क्रूर गुरू झाले, ज्याचे शॉ ब्रदर्स या चित्रपटसंस्थेच्या जुन्या हाँगकाँगी चित्रपटांतील स्थान खलनायकाचे होते. पाय मेईच्या प्रकरणात वारंवार दिसणारा झूम, म्हणजे कॅमेरा जागचा न हलवता केवळ भिंगाच्या साहाय्याने चेहऱ्यावर झडप घालणे, ही शॉ ब्रदर्सची ओळख होती. रूळ टाकण्याचा वेळ आणि पैसा त्याने वाचत असे. टॅरॅन्टिनोला ही काटकसर करण्याची गरज नव्हती, त्यामुळे गरजेतून आलेली खूण त्याच्याकडे अलंकार बनली.

यास चोरी म्हणणाऱ्यांचा आक्षेप पटण्याजोगा नाही, कारण चोर मुद्देमाल लपवतो आणि टॅरॅन्टिनो पहिल्या भागाच्या आरंभीच शॉ ब्रदर्सचे ‘शॉस्कोप’ हे बोधचिन्ह झळकवतो. ज्या वाचकांनी ‘किल बिल’ आणि ‘लेडी स्नोब्लड’ हे दोन्ही पाहिलेले नाहीत, त्यांनी आधी ‘लेडी स्नोब्लड’ पाहावा.