मायएसक्यूएल सुरूच होत नाही, तेव्हा
मायएसक्यूएल नव्याने बसवलं, पण सर्व्हर उठतो आणि लगेच बंद पडतो. अशा वेळी बहुतेक जण सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करतात. त्याने क्वचितच काही साधतं, कारण प्रोग्रॅम काढला तरी जुनं डेटा फोल्डर बहुधा तसंच राहतं आणि नवा सर्व्हर पुन्हा तिथेच अडखळतो.

आधी एरर लॉग उघडा. शेवटच्या ओळींपेक्षा 'एरर' असं लिहिलेली पहिली ओळ शोधा. पुढच्या बऱ्याचशा तिचेच पडसाद असतात. पत्ता आधीच वापरात असल्याची तक्रार दिसली, तर ३३०६ क्रमांकाचं पोर्ट दुसऱ्या कुणी अडवलंय. हा दुसरा बहुतेकदा भाऊबंदच निघतो: झॅम्पसोबत आलेला मारियाडीबी, नाहीतर विंडोज सर्व्हिस म्हणून मुकाट चालणारी जुनी प्रत. जे असेल ते थांबवा, किंवा नव्या सर्व्हरला ३३०७ द्या. लिनक्सवर 'परमिशन डिनाइड' आलं, तर डेटा फोल्डरची मालकी 'मायएसक्यूएल' या युजरकडे आहे का, ते पाहा. डिस्क भरलेली असणं हेही एक कारण, आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

'आयबीडेटा१' ही फाइल मात्र कुणाच्या सांगण्यावरून उडवू नका. इनोडीबी या स्टोरेज इंजिनचा अंतर्गत हिशेब तिच्यात असतो. काहीही पुसण्याआधी सर्व्हर बंद ठेवून अख्ख्या डेटा फोल्डरची प्रत काढा.