घरातील वीजतारांतून हरवणारे संदेश

घराच्या भिंतींतून फिरणाऱ्या तारा दिव्यांना व यंत्रांना वीज पुरविण्यासाठी घातलेल्या असतात. त्याच तारांतून त्यांना हुकूमही धाडता आले, तर निराळ्या तारा ओढण्याचे कारणच उरत नाही. ही कल्पना तशी जुनी आहे. उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून वीजकेंद्रांमध्ये संभाषण करण्यासाठी तिचा उपयोग पूर्वीपासून होत आला असून आपल्या देशातही तो झालेला आहे. घरगुती वापरासाठी तिला स्वस्त व सुटसुटीत रूप दिले ते स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथिस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने, १९७५ साली. कंपनीचा हा दहावा उपक्रम, म्हणून त्यास एक्स-१० हे नाव पडले. १९७८ पासून ही साधने अमेरिकेतील दुकानांत मिळू लागली. पुढे बिनतारी साधनांनी त्यांना मागे टाकले, तरी जुन्या घरांतून ती अद्यापि काम करताना आढळतात.

ज्याला उठून बटणापर्यंत जाता येते, त्याच्या दृष्टीने ही केवळ एक चैन होय. परंतु ज्यांचे हातपाय लुळे पडले आहेत अशा रुग्णांसाठी अंथरुणातून दिवा, पंखा वा घंटा चालविण्याची जी साधने अमेरिकेत बनविली गेली, त्यांतील कित्येकांनी याच पद्धतीचा आश्रय घेतला होता. अशा माणसाचा हुकूम वाटेतच हरवला, तर त्याला अंधारात पडून राहावे लागते. म्हणून संदेश का हरवतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील घरगुती वीज सेकंदास ६० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात तिचा दाब दोनदा शून्यावर येतो. नेमक्या त्या क्षणी प्रेषक तारेवर १२० किलोहर्ट्झ कंप्रतेचा एक लहानसा झोत सोडतो. तो एक मिलिसेकंद टिकतो. म्हणजे त्यात १२० सूक्ष्म कंपने मावतात. शून्याचा क्षण निवडण्यात दुहेरी लाभ आहे. कान केव्हा द्यावयाचा हे ग्राहकाला ठाऊक असते आणि त्या क्षणी तारांवर सहसा शांतता असते. झोत आणि त्यामागून रिकामी जागा, असे आले की ‘एक’. आधी रिकामी जागा आणि मग झोत, म्हणजे ‘शून्य’. अशा जोड्यांतून सोळा गृहसंकेत, सोळा साधनसंकेत आणि हुकूम व्यक्त होतात. प्रत्येक भाग दोनदा उच्चारला जातो. सर्व मिळून ४७ आवर्तने, म्हणजे पाऊण सेकंदाहून किंचित अधिक काळ लागतो. ‘पोहोचले’ असे उत्तर मात्र साधा ग्राहक देत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीतील सर्वांत मोठे न्यून हेच आहे.

दिवा लागला नाही की लोक ग्राहक बिघडला असे समजून नवा आणतात. तोही चालत नाही, कारण दोष बहुधा तारांवर असतो. तो दोन प्रकारचा असतो आणि दोहोंचे बाह्य लक्षण एकच दिसते, म्हणून घोटाळा होतो.

पहिला प्रकार गोंगाटाचा. संगणक, दूरचित्रवाणी संच, मोबाइलचे चार्जर व नव्या प्रकारचे दिवे यांतील वीजपुरवठा अतिशय जलद उघडझाप करून चालतो आणि त्याचे पडसाद तारांवर उमटतात. लहान मुलांच्या खोलीत ठेवावयाची, वीजतारांवरूनच बोलणारी काही यंत्रे तर त्याच पट्ट्यात अखंड गुणगुणत असतात. जिथे रिकामी जागा हवी तिथे गोंगाट भरला, की जोडी निरर्थक ठरते व ग्राहक ती टाकून देतो. म्हणूनच गोंगाटामुळे भलताच हुकूम पाळला जाणे विरळ. हुकूम न पाळला जाणे नेहमीचे. (दिवा आपोआप लागू लागला, तर आधी शेजाऱ्याकडे चौकशी करावी. एकाच रोहित्रावरील दोन घरांनी एकच गृहसंकेत निवडला असण्याचा संभव असतो.)

दुसरा प्रकार शोषणाचा. गंमत अशी, की स्वतःचा गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून सभ्यपणे बांधलेली उपकरणेच येथे अपराधी ठरतात. त्यांच्या प्रवेशद्वाराशी दोन तारांमध्ये एक धारित्र जोडलेले असते. ते ०.१ मायक्रोफॅरडचे धरले, तर ६० आवर्तनांच्या विजेला त्याचा विरोध सुमारे २६,५०० ओहम, पण १२० किलोहर्ट्झच्या संदेशाला अवघा १३ ओहम होतो. अशी दहा उपकरणे समांतर जोडलेली असली, की संदेशाला सव्वा ओहमाची पळवाट मिळते. मग ग्राहकापर्यंत काय उरणार! हे धारित्र पुष्कळदा उपकरणाच्या बटणाच्या अलीकडे असते. त्यामुळे बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा लागतो.

तिसरी अडचण घराच्या रचनेतच असते. अमेरिकन घरात रोहित्रापासून १२० व्होल्टच्या दोन शाखा येतात. एका शाखेवरील संदेशाला दुसरीवर जाण्यासाठी बाहेरच्या रोहित्रापर्यंत जाऊन परतावे लागते व तो क्षीण होतो. याची खूण मोठी मौजेची आहे. एरवी न लागणारा दिवा स्वयंपाकघरातील विजेची भट्टी चालू असताना मात्र बिनचूक लागतो. कारण भट्टीची तापणारी तार दोन्ही शाखांना जोडलेली असते आणि संदेशाला तिचाच पूल मिळतो.

शोध घ्यावयाचा तो क्रमाने. प्रथम प्रेषक व ग्राहक एकाच सॉकेटपाशी आणून पाहावेत. तेथे काम झाले, तर दोन्ही निर्दोष आहेत. मग दोघांना आपापल्या जागी ठेवून, लागणारे तेवढे सर्किट ब्रेकर वगळता बाकी सर्व बंद करावेत आणि एकेक चालू करीत जावे. ज्याच्यासरशी संदेश बंद पडेल, त्या शाखेवरील प्लग एकेक करून काढावेत. मध्यम लहरींचा खिशातला रेडिओ जवळ नेल्यास गोंगाट करणारे उपकरण घरघरीवरून अनेकदा सापडते. शोषक मात्र मुका असतो. त्याला रेडिओ पकडू शकत नाही. संदेशमापक हाती असल्यास भेद सहज कळतो. हुकूम दिलेला नसताना काटा हलला तर गोंगाट, हुकूम दिल्यावरही तो जेमतेम हलला तर शोषण.

अपराधी सापडला, की त्याच्या प्लगपाशी एक गाळणी बसवितात. तीतील वेटोळे १२० किलोहर्ट्झला अडविते, विजेला जाऊ देते. वीज-उपकेंद्रांत वाहिनीच्या तोंडाशी लटकणारी मोठी दंडगोलाकार वेटोळी वाचकांनी पाहिली असतील. त्यांचे कार्य तत्त्वतः हेच. दोन शाखांसाठी मुख्य फलकात धारित्राचा जोडक किंवा संदेश पुन्हा जोराने उच्चारणारा पुनःप्रेषक लावतात. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे. त्रिकला पुरवठ्यासाठी प्रेषक प्रत्येक झोत तीनदा सोडतो, जेणेकरून तो तिन्ही कलांच्या शून्यक्षणाशी जुळेल. तरीही कलांमध्ये जोडक लागतोच.

दुरुस्तीनंतरची परीक्षा दुपारी, घर निवांत असताना घेऊ नये. संध्याकाळी, सर्व दिवे व संच चालू असताना, सर्वांत दूरच्या खोलीतून घ्यावी. आणि तीही एकदा नव्हे, सलग आठवडाभर.