‘अश्लील’ हा डेटा नाही

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की आपण पटकन एक कॉलम आखतो: अश्लील / अश्लील नाही. मी विज्ञान शाखेची, मलाही आधी हेच सुचलं होतं. विठाबाई नारायणगावकरांबद्दल वाचायला घेतलं आणि तो कॉलम खोडावा लागला.

विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील आणि चुलते यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड, त्यामुळे तमाशा घरातच. गण, गवळण, बतावणी, वग असा तमाशाचा क्रम. त्यात द्वयर्थी बोलणं भरपूर. खरी गंमत अशी की शब्द साधाच असतो, दुसरा अर्थ प्रेक्षक लावतो आणि शिट्टीही तोच मारतो. मग अश्लील कोण? बोलणारी की समजणारा? याच बाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या.

इतिहासकार शैलजा पैक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) इथे कामाला येतं. ‘अश्लील’ हा शिक्का दलित तमाशा कलावंत स्त्रियांवर कसा बसवला गेला आणि त्यातून त्यांनी माणुसकीसाठी कशी झुंज दिली, हे त्या दाखवतात. म्हणजे जे आपण मोजायला निघालो, तेच मुळात कोणीतरी लावलेलं लेबल आहे.

दुसरी गोष्ट स्रोताची. विठाबाईंचा तो किस्सा तुम्ही ऐकलाच असेल: खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. सगळे तो ‘कलेवरची निष्ठा’ म्हणून सांगतात. मला वाचताना राग आला. नववा महिना भरलेल्या बाईला त्या रात्री सुट्टी का नव्हती? खेळ थांबला तर फडातल्या किती जणांचं पोट अडणार होतं? एकच किस्सा, पण प्रश्न बदलला की तो कौतुकाचा न राहता कामाच्या अटींचा पुरावा होतो.

नागपूरकडच्यांना तुलनेसाठी लांब जायला नको. आपल्या खडी गंमतमध्ये बाईचं काम परंपरेने पुरुष करत आले. चावट बोलणं तिथेही आहेच. तोच विनोद, शरीर वेगळं. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल आयताच मिळतोय. नाच्याला लोक काय म्हणतात आणि तमाशातल्या बाईला काय म्हणतात, दोन्ही लिहून घ्या.