डॅक्स: फाइलवर खूण केली, पण ती लागू झाली का?

आजचा भाग थोडा कर्नलच्या आतला आहे, पण घाबरू नका. बसमध्ये ऐकताना कमांड लक्षात राहत नाहीत, म्हणून हा लेखी भाग.

आधी पटकन उजळणी. लिनक्समध्ये तुम्ही फाइल वाचली की कर्नल तिची कॉपी रॅममध्ये ठेवतो. ही झाली पेज कॅश. डिस्क हळू, रॅम फास्ट, म्हणून ही सोय. मग आली पर्सिस्टंट मेमरी. ती रॅमसारखी थेट प्रोसेसरला जोडलेली असते, पण वीज गेली तरी तिच्यातला डेटा टिकतो. आता गोदाम काउंटरच्या मागेच असेल, तर माल आधी काउंटरवर आणून मांडायचा कशाला? मधली कॉपी टाळून फाइल थेट त्या मेमरीतून वापरायची, याला म्हणतात डायरेक्ट अ‍ॅक्सेस, थोडक्यात डॅक्स. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस, दोन्हींत हे २०१५ मध्ये आलं.

सुरुवातीला ही सेटिंग माउंट करताना द्यावी लागायची. म्हणजे सगळ्या फाइलींना डॅक्स, नाहीतर कुणालाच नाही. पण काही फाइली पेज कॅशमधूनच जास्त फास्ट चालतात. म्हणून २०२० मध्ये, कर्नल ५.८ पासून, प्रत्येक फाइलसाठी वेगळं ठरवायची नीट सोय झाली. आणि इथेच आमची टीम तोंडावर आपटली.

झालं असं, की आमच्या सेटअपच्या नोंदीत मी एकच ओळ लिहिली होती: 'फाइलवर चॅटर प्लस एक्स चालवा, डॅक्स सुरू होईल.' सहकाऱ्याने ती चालवली. एलएसअ‍ॅटरमध्ये एक्स दिसला. टेस्ट घेतली, आकडे होते तसेच. रिपोर्टमध्ये गेलं, 'डॅक्सचा काही फायदा नाही.' दोन दिवसांनी कळलं, की टेस्टचा प्रोग्रॅम ती फाइल सकाळपासून उघडी ठेवून बसला होता. डॅक्स सुरूच झालं नव्हतं! चूक सहकाऱ्याची नव्हती, माझ्या त्या एका ओळीची होती.

कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, फाइलवर कायम राहणारी खूण: एफएस एक्सफ्लॅग डॅक्स. ती म्हणजे फक्त अर्ज. दुसरी, कर्नलच्या आतली, त्या क्षणाची खरी अवस्था: एस डॅक्स. ती म्हणजे मंजुरी. अर्ज कधीही करता येतो, अगदी खालचं हार्डवेअर डॅक्सला सपोर्ट करत नसलं तरी. एलएसअ‍ॅटर तुम्हाला अर्ज दाखवतो. मंजुरी बघायची तर स्टॅटएक्स हा सिस्टिम कॉल वापरायचा आणि त्यात डॅक्सचा बिट आहे का ते तपासायचं.

बरं, मंजुरी ठरते कशी? माउंटचे तीन पर्याय आहेत. 'ऑलवेज' म्हणजे अर्ज असो-नसो, जमेल तिथे डॅक्स. 'नेव्हर' म्हणजे अर्ज कचऱ्यात. 'इनोड' म्हणजे फाइलच्या खुणेप्रमाणे, आणि तोच डिफॉल्ट आहे.

आता ज्या जागी लोक हमखास अडकतात, त्या बघू. फोल्डरवर खूण केली तर तिथे नंतर तयार होणाऱ्या फाइलींना आणि सबफोल्डरना ती मिळते, आधीपासून असलेल्यांना नाही. त्यामुळे त्या फोल्डरमध्ये सीपीने नवी कॉपी केली तर खूण येते, पण त्याच फाइलसिस्टिममधली फाइल एमव्हीने हलवली तर येत नाही, कारण इनोड जुनाच राहतो. आणि चालू फाइलची खूण बदलली तर बदल लगेच लागू होईलच असं नाही. आधी ती वापरणारे प्रोग्रॅम बंद करायचे, मग कॅश रिकामी करायची किंवा अनमाउंट करून पुन्हा माउंट करायचं.

'थोडा स्पीड गेला, एवढंच ना?' नाही हो. डॅक्स गृहीत धरलेला प्रोग्रॅम डेटा सुरक्षित करायला फक्त प्रोसेसरची कॅश फ्लश करतो. फाइल प्रत्यक्षात पेज कॅशमध्ये असेल, तर तो डेटा साध्या रॅमपर्यंतच पोचतो. वीज गेली की डेटा गेला! म्हणून असे प्रोग्रॅम एममॅप करताना मॅप सिंक आणि मॅप शेअर्ड व्हॅलिडेट हे फ्लॅग एकत्र मागतात. डॅक्स नसेल तर कर्नल सरळ एरर देतो. मध्यरात्री डेटा जाण्यापेक्षा ती एरर परवडली.

आता तुम्ही म्हणाल, इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेन गुंडाळायचं जाहीर केलं, मग हे कशाला शिकायचं? कारण डॅक्स तिथेच संपत नाही. व्हर्च्युअल मशीनसाठीच्या व्हर्टिओएफएसमध्येही ते आहे. आणि हार्डवेअर नसलं तरी सराव करता येतो: बूट करताना मेममॅप पॅरामीटर देऊन रॅमचा एक तुकडा पर्सिस्टंट मेमरी म्हणून दाखवता येतो. व्हर्च्युअल मशीनमध्येच करून बघा हं, रोजच्या लॅपटॉपवर नको.

आमच्या नोंदीत आता एका ओळीऐवजी पाच आहेत: माउंटचा पर्याय कोणता, खूण फोल्डरवर की फाइलवर, ती कधी केली, त्यानंतर प्रोग्रॅम बंद करून कॅश रिकामी केली का, आणि शेवटी स्टॅटएक्सने काय सांगितलं. पाचवी ओळ भरल्याशिवाय कुणी टेस्ट घेत नाही.

तुमच्या नोंदींमध्येही 'सेटिंग केली' आणि 'सेटिंग लागू झाली' या दोन वेगळ्या ओळी आहेत का, आज एकदा उघडून बघा. भेटूया पुढच्या भागात!