टेकडीवरचे ‘मूळ पुणेकर’ कोण?

कोथरूडकरांनो, पौड रोडच्या बाजूने एआरएआयची टेकडी चढता, वेताळबाबाला नमस्कार ठोकता आणि उतरता. पण माहीत आहे का, सुमारे ८०० मीटर उंचीचा हा वेताळ पॉइंट शहरात सर्वांत उंच आहे? आणि इथली बरीचशी स्टारकास्ट चक्क बाहेरगावची आहे?

गुलाबी बहर मिरवत सेल्फी खेचणारा गिरिपुष्प घ्या. मूळ पत्ता, मध्य अमेरिका! दिसायला नाजूक, पण याच्या बिया आणि साल उंदीर मारायला वापरतात. फोटो काढा, चाखू नका.

घाणेरीही तिकडचीच. तिचं ताजं फूल पिवळं, शिळं झालं की गुलाबी. मध ताज्यात, म्हणून फुलपाखरं पिवळ्यापाशी थांबतात. पुण्यात पिवळा सिग्नल बघून थांबणारं कुणीतरी आहे!

जूनमध्ये चातकाची एंट्री. थेट आफ्रिकेतून, अरबी समुद्र ओलांडून! चोच वासून थेंबांची वाट बघणं वगैरे कवींवर सोडा. हा पठ्ठ्या केसाळ सुरवंट मटकावतो. घरटं बांधायची कटकटही नको. मादी सरळ सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. ना डिपॉझिट, ना ॲग्रीमेंट! अंड्याचा निळा रंगही असा मॅचिंग, की घरमालकांना पत्ताच लागत नाही. एरवी दिवसभर टोळीने कचाकचा भांडल्यासारखे बोलणारे सातभाई हे परकं पोर मात्र इमानेइतबारे वाढवतात.

नवरंग बघायचाय? हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून साहेब पावसाच्या तोंडावर हजर. टिप : झाडाकडे कॅमेरा रोखू नका. हीरो खाली पाचोळ्यात किडे टिपत असतो.

मातीवर लाल मखमल चालताना दिसली? मृगाचा किडा! माहीत आहे का, हा किडा मुळी कीटकच नाही. आठ पाय, म्हणजे कोळ्याच्या खानदानातला. त्यातही गंमत, बालपणी पाय सहाच! वर्षभर जमिनीत दडून बसणारा हा मात्र पक्का लोकल.

पायाखालचा काळा दगड? तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा बनून वर आला, डायनासोर एक्झिट घेत होते त्या सुमारास.

आणि घड्याळात १०,००० स्टेप्स मोजताय ना? तो आकडा कुठल्या डॉक्टरांचा नाही. १९६५ मध्ये जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून तो जगभर पसरला. घ्या, हाही बाहेरगावचाच!