विंचवाचे विष आणि मज्जातंतूंचे दरवाजे

पावसाळा तोंडावर आला की कुरकुंभ, पाटस, दौंडकडच्या माळावर दगडाखालचा लाल विंचू बाहेर पडतो. एवढ्याशा नांगीने धडधाकट मूल अत्यवस्थ कसे होते?

मज्जातंतूच्या पेशीबाहेर मोकळे कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असते. पेशीच्या आवरणात कॅल्शियमचे सूक्ष्म दरवाजे असतात, एरवी बंद. (घरातल्या कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे ते उघडत नाहीत, ही भीती नको.) विजेचा संदेश आला की ते क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि टोकाशी साठवलेले रसायन बाहेर पडते. लगाम लगेच लागतो. आत आलेले कॅल्शियमच कॅलमोड्युलिन या प्रथिनामार्फत दरवाजा बंद करवते. बाहेर पडलेले नॉरअ‍ॅड्रिनॅलिनही उलट त्याच टोकावर बसून दरवाजे आवळते. अल्लाहने केलेली ही व्यवस्था पाहून थक्क व्हायला होते.

विंचवाचे विष शेजारच्या सोडियमच्या दरवाजांना मिटू देत नाही. संदेश थांबतच नाहीत, कॅल्शियम येत राहते, लगाम अपुरा पडतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या लोंढ्याने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा असे गंभीर रुग्ण डोळ्यांदेखत जात. त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे काम छापले. ही गोळी दरवाजांना हात लावत नाही, रक्तवाहिन्यांवर नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला बसू देत नाही, एवढेच. गंभीर रुग्णांतला २५ ते ३० टक्के मृत्यूदर १ टक्क्याजवळ आला. २०११ मध्ये त्यांनीच दाखवले की सोबत प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर सावरतो.

विंचवाच्या दंशावर दम करण्याची मुभा हदीसमध्ये आहे, आणि उपचार करण्याची ताकीदही. तेव्हा दुआ दवाखान्याच्या वाटेवर पढावी. नुसती भयंकर आग असेल तर धोका बहुधा कमी. उलट्या, दरदरून घाम, थंड हातपाय दिसले, की थांबू नका, लहान मूल असेल तर मुळीच नाही. आणि फजरला उठताना चप्पल-बूट झटकूनच पाय घाला.