विश्लेषण : बीबीसीची नाताळातली भुते आजही का घाबरवतात?

इंग्लंडमध्ये नाताळ हा भुतांच्या गोष्टींचाही हंगाम. केम्ब्रिजच्या किंग्ज कॉलेजातले विद्वान एम. आर. जेम्स नाताळात मित्रांना जमवून मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच लिहिलेली भूतकथा वाचून दाखवत. ही प्रथा बीबीसीने १९७१ मध्ये पडद्यावर आणली. ‘अ घोस्ट स्टोरी फॉर ख्रिसमस’ या मालिकेत १९७८ पर्यंत दर नाताळात एक छोटा चित्रपट दाखवला गेला. त्यातले पहिले सात लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांचे.

भूत किती दाखवायचे?

जेम्स यांच्या कथेत भूत जेमतेम दोन-चार ओळींत येते. कॅमेऱ्याची अडचण इथेच होते; त्याला काहीतरी दाखवावे लागते. ‘अ वॉर्निंग टू द क्युरिअस’मध्ये (१९७२) पुरलेला मुकुट खणून काढणाऱ्या माणसामागे काळी आकृती लागते. ती दूर, नॉरफोकच्या ओसाड किनाऱ्यावर नुसती उभी दिसते. अंगावर काटा येतो तो त्या अंतरामुळे. याउलट ‘द अ‍ॅश ट्री’मध्ये (१९७५) झाडातले जीव जवळून दिसतात आणि भीती चटकन ओसरते.

सर्वांत सरस ‘द सिग्नलमन’ (१९७६). ही कथा जेम्स यांची नव्हे, डिकन्सची. १८६५ मध्ये स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून डिकन्स बचावले. पुढच्याच वर्षी त्यांनी ती लिहिली. बोगद्याच्या तोंडाशी आकृती दिसली की दुर्घटना घडते, हे सिग्नलमनला ठाऊक झालेले असते. पण कुठे, कधी, कसली? वरिष्ठांना तार करायची तर त्यात लिहायचे काय? डेनहोम एलियट यांच्या चेहऱ्यावरची ही घालमेल भुताहून अधिक छळते.

खुलासा केला की काय होते?

१९७७ आणि १९७८ मध्ये अभिजात कथा सोडून आधुनिक काळातल्या नव्या कथा घेतल्या गेल्या. त्यानंतर मालिका थांबली. २००५ मध्ये ती जेम्स यांच्याच कथेने पुन्हा सुरू झाली. २०१३ पासून मार्क गॅटिस यांनी ती सांभाळली आहे.

मधल्या काळातला २०१० चा ‘व्हिसल अँड आय विल कम टू यू’ मात्र वादाचा ठरावा. जोनाथन मिलर यांच्या १९६८ च्या आवृत्तीत प्राध्यापक जुन्या थडग्यातली शिट्टी उचलतो आणि वाजवतो, एवढाच त्याचा गुन्हा. नव्या आवृत्तीत त्याची पत्नी स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहे. भुताला दुःखाचे, अपराधी भावनेचे कारण मिळाले. जॉन हर्ट यांचा अभिनय उत्तम, पण कारण कळल्यावर धास्ती उरत नाही. शिट्टीच्या जागी अंगठी आली. शीर्षकात शिट्टी तशीच राहिली.